सभासद नसलेल्या केसरबाई

चर्चच्या वार्षिक सभेत आपलं नाव पुकारलं गेलं हे केसरबाईंना आधी कळलंच नाही. त्या मागच्या पडवीत चहाच्या पातेल्यात साखर टाकत होत्या. आतून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा त्यांना वाटलं, पाळकांनी सभा आवरती घेतली. त्या घाईने कप मांडायला लागल्या, तोच श्रेया धावत आली. श्रेया एका दवाखान्यात नर्स होती आणि बोलायला कोणाला भीत नसे.

"मावशी, आत चला. सगळे वाट बघताहेत."

"अगं, चहा उतू जाईल."

"जाऊ द्या उतू. तुम्ही आता सेवक मंडळात."

केसरबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

शहरातल्या गारखेडा भागाच्या मागच्या अंगाला असलेली ही नवजीवन बाप्टिस्ट मंडळी तशी लहान. चर्चला मनोरा नाही, घंटा नाही. पत्र्याचं छत, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर लाकडी व्यासपीठ आणि भिंतीवर साधा क्रूस. कारभारही तसाच साधा. या मंडळीच्या वर कोणी बिशप नाही, की मुंबई-पुण्याहून हुकूम सोडणारी कचेरी नाही. पाळक असतात, पण त्यांना मंडळीच बोलावते आणि वेळ आली तर मंडळीच निरोप देते. पाळकांच्या हाताखाली पाच जणांचं सेवक मंडळ असतं. आजाऱ्यांकडे जाणं, प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीची, तयारी करणं, कोणाच्या घरात बेबनाव असेल तर तिथे जाऊन बसणं ही त्यांची कामं. हे पाच जणही सभासदच हात वर करून निवडतात. त्या मतदानात पाळकांचाही एकच हात मोजला जातो.

पाचांपैकी एक जण मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. त्या जागेसाठी श्रेयाने केसरबाईंचं नाव सुचवलं होतं. आजवर त्या मंडळात बाई आली नव्हती. वाद होईल या तयारीनेच श्रेया उठली होती. पण नाव ऐकताच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिची तयारी वाया गेली.

"मला नाय होता यायचं," केसरबाई दारातूनच म्हणाल्या.

पहिल्या रांगेतले सर्जेराव खरात मागे वळले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभी हयात गेलेले, सेवक मंडळातले सर्वांत जुने. "कामून? गुडघे धरले का?"

लोक हसले.

"गुडघे तर धरलेच. पण त्याच्यानं नाय." केसरबाई उंबऱ्याच्या आत आल्या. "मी या मंडळीची सभासदच नाय."

आता लोक आणखी मोठ्याने हसले. कोणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्ही सभासद नाय तर मग आम्ही काय लग्नाला आलेले पाहुणे?"

"खरं सांगते. मला कोणी बुडवलेलंच नाय."

हसू थांबलं.

बाहेरच्याला हे समजायला थोडं सांगावं लागेल. पुष्कळ चर्चमध्ये मूल लहान असतानाच त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट लोक तसं करत नाहीत. तान्ह्या मुलाला पुढे आणतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात आणि थांबतात. मूल मोठं व्हावं, त्याने स्वतः विश्वास ठेवावा, स्वतःच्या तोंडाने चारचौघांत तसं सांगावं आणि मग अख्खं पाण्यात उतरावं. तो त्यांच्या लेखी बाप्तिस्मा. तो झाला की माणूस सभासद होतो, मत देतो, सेवक होऊ शकतो. तो झाला नसेल तर त्या माणसाचं प्रेमाने स्वागत असतं, पण मतदानात हात मोजत नाहीत.

केसरबाई या चर्चमध्ये वीस-बावीस वर्षं येत होत्या आणि इतक्या काळात ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. त्याचं कारण त्यांचं शिवणकाम. बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे पांढरे झगे त्याच शिवत. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली हौद आहे. त्यात बायका उतरल्या की झगा पाण्यावर फुगून वर यायचा आणि त्या लाजून अर्ध्या होत. केसरबाईंनी झग्याच्या घेरात स्टीलचे वायसर, नटाखाली घालतात त्या जड चकत्या, शिवायला सुरुवात केली. मग झगा सरळ खाली राहू लागला. दर बाप्तिस्म्याला हौदाच्या पायरीशी टॉवेल घेऊन त्याच उभ्या असत. भिजून काकडणाऱ्या पोरीला आडोशाला नेणं, केस पुसणं, कोरडी साडी नेसवणं हे सगळं त्याच करत. हौदापाशी कायम उभी असणारी बाई स्वतः कधी हौदात उतरलेली नाही, असं कोणाच्या मनात यावं तरी कसं? जुन्या पाळकांना वाटलं, हे आपल्या आधीच झालं असेल. नवे पाळक अभय साळवे आले तेव्हा केसरबाई दोरीवर झगे वाळत घालत होत्या. त्यांनाही विचारण्याचं कारण पडलं नाही. मतदानाच्या वेळी त्या कधी हात वर करत नसत, पण तेव्हा त्या चहापाशी असत. केसरबाई खोटं कधी बोलल्या नव्हत्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

एकाने मात्र विचारलं होतं. त्यांचे पती शांतवन चिकलठाण्याला एका कारखान्यात होते. ते वायसर त्यांनीच आणून दिलेले. लग्नानंतर काही वर्षांनी शांतवन या मंडळीत आले, पाण्यात उतरले आणि घरी जाताना बायकोला म्हणाले, "तू कधी?"

"माझं झालंय. आबानं केलंय," केसरबाई म्हणाल्या.

शांतवन सासऱ्यांना फार मानत. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. आता शांतवनही जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आबांनी केलेल्या त्या बाप्तिस्म्याची गोष्ट अशी. केसरबाईंचं माहेर पाचोडजवळच्या खेड्यात. आबा, म्हणजे त्यांचे वडील, तिथे मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी घरोघरच्या ख्रिस्ती लोकांना जमवून प्रार्थना चालवत. त्यांची पहिली दोन मुलं जगली नाहीत. तिसरा मुलगा झाला तेव्हा आईने त्याचं नाव सांडू ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण बघत नाही, असा तिकडचा समज. ख्रिस्ती घरात असलं नाव काय, म्हणून पाद्रीबाबा रागावले, पण आई ऐकेना. सांडू जगला. मग केसर झाली आणि जन्मापासून तिला ताप. दूध ओढेना, रडेना. पाद्रीबाबा दूरच्या गावी गेलेले. आबा काही दीक्षा घेतलेले पाद्री नव्हते. बाप्तिस्मा देण्याचा त्यांना अधिकार नव्हता. तरी त्यांनी पहाटे पितळी तांब्यातलं पाणी पोरीच्या टाळूवर घातलं, पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. दिवस वर आला तेव्हा पोर दूध प्यायली. पुढे पाद्रीबाबांनी आबांना आधी झापलं आणि मग ते पाणी मान्य केलं. आबा मरेपर्यंत ही गोष्ट सांगत असत आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज भरून येई.

आता हौदात उतरायचं म्हणजे ते पाणी खोटं होतं असं चारचौघांत म्हणायचं. केसरबाईंच्या घशात अडकलेला घास तो होता.

सभा संपल्यावर पाळक अभय त्यांच्याजवळ येऊन बसले. चाळिशीचे, मऊ बोलणारे, कोणाचं मन दुखू नये म्हणून धडपडणारे गृहस्थ. "बाई, यात अवघड काहीच नाही. ईस्टरनंतर तिघांचे बाप्तिस्मे आहेत. चौथ्या तुम्ही. तोवर जागा रिकामी ठेवू. काय सर्जेरावभाऊ?"

सर्जेराव आपली टोपी झटकत बसले.

"भावाला विचारते," केसरबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पाचोडला गेल्या आणि तिथून रिक्षाने माहेरी. सांडूभाऊ अंगणात मोसंबीच्या ढिगाशी बसून मोठी एकीकडे, बारकी एकीकडे करत होते. आबांच्या मागे गावातल्या जुन्या मिशन चर्चची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. त्यांनी बहिणीचं सगळं बोलणं हात न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हंजे पुन्हा बुडवून घ्यायलीस."

"अजून ठरवलं नाय, दादा. विचारायला आले."

"विचारायला आली म्हंजे ठरवून आली. लहानपणापासून तुझं असंच हाय."

"तसं नाय रे."

"आबाचं पाणी कमी पडलं व्हय? एक तांब्या होता. दोन घालायला पायजे होते?"

"असं कोण म्हणतंय?"

"तुझी मंडळी म्हणती. त्यांच्या हिशोबानं तू आन् मी दोघंबी कोरडेच." सांडूभाऊंनी एक नासकं मोसंबं शेणाच्या खड्ड्याकडे भिरकावलं. "आन् खरं सांग, हे आताच कामून सुचलं? इतकी वर्षं नाय सुचलं. खुर्ची दिसली तव्हा सुचलं."

आतून वहिनी ओरडल्या, "अहो, आल्या आल्या बाईला पाणी तरी पिऊ द्या!"

"पाण्याचंच तर चाललंय," सांडूभाऊ म्हणाले.

केसरबाईंना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. भावाचं बोलणं लागलं ते खरं होतं म्हणून. टाळ्या आपल्यासाठी होत्या हे कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. इतकी वर्षं मागच्या पडवीत काढल्यावर आपलं नाव समोरून कोणीतरी मोठ्याने घेतलं, ते त्यांना गोड लागलं होतं. सेवक मंडळात जाऊन त्या वेगळं काय करणार होत्या? आजाऱ्यांकडे त्या आधीही जात होत्या. तरी नाव लागावं असं वाटत होतं, हे त्यांनी बसमध्ये बसल्यावर स्वतःशी कबूल केलं. मांडीवर वहिनीने दिलेली मोसंबीची पिशवी होती. वाटेतलं आडूळ गाव मागे पडेपर्यंत त्यांनी विचार केला आणि मग वैतागून ठरवलं: काय व्हायचं ते होवो, उतरून टाकू एकदाचं पाण्यात. आबा काय स्वर्गातून खाली येऊन जाब विचारणार आहेत?

दोन दिवसांनी त्या चर्चमध्ये गेल्या. पाळक आणि सर्जेराव दोघेही तिथेच होते. छताचा एक पत्रा गळत होता तो पाहत होते.

"पाळकसाहेब, मी तयार हाय. बुडवा."

पाळकांचा चेहरा उजळला. सर्जेराव मात्र शिडीवरून सावकाश खाली उतरले.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"आता हे काय विचारणं? तुमचाच नियम हाय. त्याच्याबिगर सेवक होता येत नाय."

"बरोबर. नाय होता येत. पण सेवक व्हायसाठी पाण्यात उतरता बी येत नाय."

"भाऊ," पाळक मध्ये पडले, "त्यांच्या विश्वासाबद्दल शंका घेताय का तुम्ही?"

"शंका?" सर्जेरावांचा आवाज चढला. "माझी बायको शेवटी शेवटी कोणाला वळखत नव्हती. तव्हा तिच्या उशाशी बसून गाणी म्हणायला कोण येत होतं? तुमी तर तव्हा या गावात बी नव्हते, साहेब. शंका नाय म्हणूनच म्हणतो. एसटीत चढायचं तर तिकीट लागतं. हे तिकीट नाय." ते केसरबाईंकडे वळले. "ती जागा आपण भरून टाकू. मग बघा तुमी, पाणी पायजे होतं का जागा पायजे होती. मला नका सांगू. सोतालाच सांगा."

"एवढी लबाड दिसते का मी?" केसरबाई म्हणाल्या आणि चप्पल पायात सरकवून निघून गेल्या.

पाळकांनी सर्जेरावांना समजवायचा प्रयत्न केला. त्यांना वाटत होतं, एवढ्या सेवाभावी बाईला एका अटीवरून इतकं ताणू नये. सर्जेराव म्हणाले, "मग सभेत मांडा. मंडळी म्हणेल तसं." पाळकांनी मांडलं. मंडळीत दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, श्रेया तर सर्जेरावांशी चांगलीच भांडली. पण हात वर झाले तेव्हा सर्जेरावांचं म्हणणं टिकलं. रिकाम्या जागी शाळेतले दुशिंग सर निवडून आले. पाळकांचा हात विरुद्ध बाजूला होता. त्यांनी तो खाली घेतला आणि दुशिंग सरांसाठी प्रार्थना केली.

केसरबाईंनी महिनाभर सर्जेरावांशी अबोला धरला. चहा त्या सगळ्यांना देत, पण सर्जेरावांचा कप त्यांच्या हातात न देता खिडकीत ठेवत. सर्जेराव मुकाट्याने खिडकीतून कप घेत आणि म्हणत, "सलाम, केसरबाई." उत्तर येत नसे.

पण जागा गेल्यावर एक झालं. पदाचा मोह संपला आणि त्याच्या आड जे दडलं होतं ते समोर आलं. आबांच्या पाण्याचा प्रश्न होता तिथेच होता. उलट आता तो जास्त टोचत होता, कारण त्याच्याशी कसलाही फायदा-तोटा जोडलेला नव्हता.

शनिवारी दुपारी पाळक बाप्तिस्मा घेणाऱ्या तिघांचा वर्ग घेत. दोन तरुण आणि एक कॉलेजातली मुलगी. झग्याची मापं घ्यायला केसरबाई तिथे गेल्या. मुलीला हात आडवे धरायला लावून त्या तिच्या खांद्यावर टेप धरून उभ्या होत्या, ओठांत टाचण्या. पाळक सांगत होते की पाणी काही मळ काढत नाही, पाप धुऊन काढत नाही. देवाने जे आधीच केलं आहे त्याला माणसाने स्वतःच्या तोंडाने दिलेलं ते उत्तर आहे. जुना माणूस पुरला गेला आणि नवा उठला, ही त्याची खूण.

मुलीने विचारलं, "सर, माझा लहानपणी झालाय. आमच्या जुन्या चर्चमध्ये. तो धरायचा नाही का?"

"तो बाप्तिस्मा नव्हे," पाळक म्हणाले. हे उत्तर त्यांनी पुष्कळांना दिलं होतं.

केसरबाईंनी ओठांतल्या टाचण्या तळहातावर काढल्या. "मग तो काय होता?"

"अं?"

"बाप्तिस्मा नव्हता म्हणता. बरं. मग जे झालं ते काय होतं? काहीच नव्हतं का?"

पाळकांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग पुस्तक मिटलं. "खरं सांगू का बाई, काय नव्हतं ते मला शिकवलंय. काय होतं ते कोणी शिकवलं नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

केसरबाई टेप हातात धरून उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे न पाहिलेली ती पहाट होती: तापलेली पोर, घाबरलेले आबा, आणि त्यांना नसलेला अधिकार. आबांनी त्या वेळी पोरीच्या वतीने विश्वास ठेवला होता का? ते शक्य तरी होतं का? नाही. आबांनी मागितलं होतं. झोळी पसरून मागितलं होतं.

"प्रार्थना होती ती," त्या म्हणाल्या. "बापाची प्रार्थना."

"मग ती खोटी कशी असेल?" पाळक हळूच म्हणाले. "देवाने ऐकली, म्हणून तर तुम्ही इथे उभ्या आहात."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "मावशी, मी हात खाली करू का?"

"कर बाई, कर. दंडाचं माप राहिलं अजून," केसरबाई म्हणाल्या. दंडाचं माप त्यांनी दोनदा घेतलं. आबांनी मागितलं, देवाने दिलं. आणि ज्या पोरीसाठी हे सगळं झालं तिने आजवर स्वतःच्या तोंडाने एक शब्द उच्चारला नव्हता. ती आबांच्या उत्तरावर निभावत आली होती.

त्या दिवशी निघताना त्या सर्जेरावांच्या घरावरून गेल्या. सर्जेराव दारात सायकल उलटी करून चेन बसवत होते.

"मला पाणी पायजे," केसरबाई म्हणाल्या. "जागा नको."

सर्जेरावांनी तेलकट हात फडक्याला पुसले. "चहा घेता का? आमच्याकडं खिडकीत ठेवायची पद्धत नाय."

"बसते," केसरबाई म्हणाल्या आणि हसल्या.

बाप्तिस्म्याआधी उमेदवाराने मंडळीपुढे साक्ष द्यायची असते. आपण काय मानतो, कसं मानू लागलो, हे सांगायचं. सभासद प्रश्न विचारू शकतात, आणि मग हात वर करून ठरतं. केसरबाईंनी भावाला फोन केला. "रविवारी साक्ष हाय माझी."

"मग मला काय त्याचं?" सांडूभाऊ म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्या रविवारी आधी दोन्ही तरुण बोलले, मग ती मुलगी बोलली. शेवटी केसरबाई व्यासपीठाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोलायला तोंड उघडलं तेव्हाच त्यांना दिसलं की मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून सांडूभाऊ बसले आहेत. कधी आले कळलं नव्हतं. त्यांचा चेहरा बाजारात भाव पटत नसल्यासारखा होता.

केसरबाईंचं बोलणं अर्धं उडालं. जे उरलं ते त्यांनी सांगितलं: आपण पापी आहोत, प्रभूने आपल्याला पदरात घेतलं, शांतवन गेले तेव्हा त्यानेच धरून ठेवलं, आणि हे आपण कोणाच्या सांगण्यावरून बोलत नाही.

"कोणाला काही विचारायचं आहे?" पाळकांनी विचारलं.

सर्जेराव उठले. श्रेया पुटपुटली, "आता आणखी काय!"

"विचारायलाच पायजे," सर्जेराव म्हणाले. "केसरबाई, तुमच्या वडलांनी तुमचा बाप्तिस्मा केला होता. तो खोटा होता, असं तुमी आज म्हणता का?"

केसरबाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. त्यांनी सर्जेरावांकडेच पाहिलं.

"नाय म्हणत. माझा बाप खोटं करणारा नव्हता. त्यानं मला देवाकडं मागितलं, त्याचं मागणं पुरं झालं. पण त्यानं माझ्यासाठी मागितलं, भाऊ. माझं उत्तर त्याला देता येत नव्हतं. मी तव्हा दीड वीत होते, मला रडता बी येत नव्हतं. आता मला बोलता येतं. म्हणून बोलते. आबा मला देवाच्या दारापर्यंत घेऊन आला. आत मलाच जावं लागंल."

दुशिंग सरांनी शंका काढली की हे आपल्या शिकवणीत नेमकं बसतं का. पाळक म्हणाले, "विश्वास त्यांचा स्वतःचा आहे, पाणी त्या स्वतः मागताहेत. आपली शिकवण याहून जास्त काही मागत नाही. बापाचा मान राखायला ती कधीच मना करत नव्हती. आपणच घाईत तसं बोलत आलो." दुशिंग सरांनी मान डोलावली.

"केसरबाई शांतवन निकाळजे यांना बाप्तिस्म्यासाठी घ्यावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

पहिला हात सर्जेरावांचा होता. मग हातच हात झाले. मोजायचं काम सर्जेरावांकडेच असे. ते उभे राहून रांगेमागून रांग मोजत गेले आणि शेवटच्या रांगेशी अडखळले.

"पाहुणे," ते म्हणाले, "हात फक्त सभासदांनी वर करायचा असतो."

सांडूभाऊंनी हात खाली घेतला नाही. "माझी बहीण हाय ती."

"असंल. पण तुमचा हात मोजता येणार नाय."

"नका मोजू. मी काय मोजायला वर केला नाय."

कोणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. सर्जेरावही हसले. "बरं मग, राहू द्या वरच," म्हणून त्यांनी पुढची मोजणी केली. केसरबाई मात्र व्यासपीठाच्या काठाला धरून उभ्या होत्या आणि पदराने तोंड पुसत होत्या, कारण डोळे पुसले असते तर लोकांना दिसलं असतं.

नळाला पाणी कधी येईल यावर बाप्तिस्म्याची तारीख ठरते, हे या शहरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चर्चची बोअर आटली होती. त्या आठवड्यात नळ आलाच नाही, शेवटी टँकर बोलावला. रविवारी हौद काठोकाठ भरला. तिघांनंतर केसरबाई गुडघे सांभाळत पायऱ्या उतरल्या. पाणी इतकं गार की त्यांच्या तोंडून "अगं आई" निघालं आणि पुढच्या रांगेतल्या पोरी हसल्या. पाळकांनी त्यांना विचारलं, त्यांनी "व्हय, मी विश्वास ठेवते" असं मोठ्याने सांगितलं, इतक्या मोठ्याने की बाहेरच्या बोळातून जाणारा भाजीवाला थबकला. मग पाळकांनी आणि सर्जेरावांनी दोन बाजूंनी धरून त्यांना मागे झुकवलं. क्षणभर वर फक्त पाणी होतं. त्या वर आल्या तेव्हा मंडळी गाऊ लागली होती.

जेवणाच्या पंगती मागच्या अंगणात बसल्या. श्रेया वाढता वाढता सांगत होती की पुढच्या वर्षी आणखी एक जागा रिकामी होते आहे आणि ती पुन्हा नाव सुचवणार आहे. "आधी वरण वाढ," केसरबाई म्हणाल्या. ओले केस पाठीवर सोडून त्या भावाशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी वाढत होतं.

सांडूभाऊ ताटाकडे बघतच म्हणाले, "आबा असता तर?"

"चिडला असता."

"लई चिडला असता."

"दोन दिस बोलला नसता माझ्याशी."

"चार दिस," सांडूभाऊ म्हणाले. "आन् मग?"

केसरबाईंनी ओले केस पुढे घेतले. "मग म्हणला असता, नीट पुस ते केस, सर्दी व्हईल."

सांडूभाऊंनी मान हलवली, पोळी पुढे केली आणि वाढणाऱ्या पोरीला हाक मारली, "ए बाई, इकडं आण की भाजी. आमी पाहुणे हाव इथं."

"तुमी पाहुणे," केसरबाई म्हणाल्या. "मी नाय."